सर जॉन प्रिंगल : छावणीतला वैद्य आणि रविवारची बैठक

अठराव्या शतकातील युरोपीय युद्धांत तोफा, बंदुका आणि संगिनी यांनी जितके सैनिक मारले, त्यांहून कितीतरी अधिक सैनिक आमांश, ज्वर आणि थंडी यांनी मारले. ही गोष्ट सेनापतींना ठाऊक होती, परंतु रोगराई हा पावसाळ्यासारखाच मोहिमेचा अटळ भाग आहे, असे मानण्याची रीत असल्यामुळे वैद्याचे काम सैनिक आजारी पडल्यानंतर सुरू होते आणि तळ कोठे पडावा, तंबूत किती माणसे असावीत, शौचाचे चर कोठे खणावेत हे ठरविताना त्याला कोणी विचारीत नाही, अशीच स्थिती होती. या समजुतीला निरीक्षणाच्या आणि आकड्यांच्या आधारे धक्का देणाऱ्यांत स्कॉटलंडचे वैद्य सर जॉन प्रिंगल यांचे नाव अग्रभागी घेतले जाते, आणि आधुनिक लष्करी वैद्यकाचे जनक असा त्यांचा उल्लेख होतो तो याच कारणाने. मात्र त्यांचे कार्य समजून घेण्यासाठी केवळ छावणीकडे पाहून भागत नाही. तत्त्वज्ञ, राजनीतिज्ञ, रसायनशास्त्रज्ञ आणि दर्यावर्दी यांच्या ज्या वर्तुळात ते वावरले, त्या वर्तुळाने त्यांच्या विचारांना बळ आणि प्रतिष्ठा दिली, आणि त्यांच्या एका मोठ्या चुकीलाही तीच प्रतिष्ठा मिळवून दिली.

लायडन ते एडिंबरो

प्रिंगल यांचा जन्म १० एप्रिल १७०७ रोजी स्कॉटलंडच्या दक्षिणेकडील रॉक्सबरोशर परगण्यात, स्टिचिल येथील एका सरदार घराण्यात झाला. घरातील धाकटे पुत्र असल्यामुळे जहागीर त्यांच्या वाट्याला येणार नव्हती आणि स्वतःचा उद्योग शोधणे भाग होते. सेंट अँड्र्यूज आणि एडिंबरो येथे शिक्षण झाल्यावर व्यापार शिकण्यासाठी ते हॉलंडला गेले, आणि तेथे हर्मन बूरहाव्ह यांचे व्याख्यान ऐकून वैद्यकाकडे वळले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. लायडन विद्यापीठातील बूरहाव्ह हे त्या काळी सर्व युरोपचे वैद्यकगुरू होते. पुस्तकी वादापेक्षा रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून शिकावे, हा त्यांच्या अध्यापनाचा गाभा होता. १७३० मध्ये प्रिंगल यांनी वार्धक्यातील क्षीणतेवर प्रबंध लिहून पदवी मिळविली. पुढे व्हिएन्नाच्या दरबारात वैद्यक-सुधारणा घडविणारे जेरार्ड व्हान स्वीटेन यांच्याशी त्यांचा निकटचा स्नेह जुळला, तो लायडनमध्येच.

एडिंबरोला परतून त्यांनी वैद्यकीचा व्यवसाय मांडला आणि १७३४ पासून तेथील विद्यापीठात नीतिशास्त्राचे अध्यापनही सुरू केले. वैद्याने नीतिशास्त्र शिकवावे याचे आजच्या वाचकाला नवल वाटेल, पण त्या काळी ज्ञानशाखांच्या भिंती एवढ्या उंच झालेल्या नव्हत्या. निरीक्षणावाचून सिद्धांत मांडू नये, असा आग्रह धरणारे फ्रान्सिस बेकन यांचे ग्रंथ ते विद्यार्थ्यांना वाचायला सांगत. १७४२ मध्ये ते सैन्याबरोबर परदेशी गेले तरी अध्यापकाची ही जागा त्यांनी लगेच सोडली नाही. १७४५ मध्ये ती सोडली तेव्हा तिच्यासाठी डेव्हिड ह्यूम या तरुण तत्त्वज्ञाचे नाव पुढे आले होते, परंतु ह्यूम यांच्या धर्मविषयक मतांमुळे त्यांना ती नाकारण्यात आली.

डेटिंगेनची लढाई आणि ओला पेंढा

ऑस्ट्रियाच्या वारसाहक्काच्या युद्धात ब्रिटिश सैन्य युरोपात उतरले, तेव्हा त्याचे सेनापती लॉर्ड स्टेअर यांनी प्रिंगल यांना आपले वैद्य म्हणून बरोबर घेतले आणि फ्लँडर्स, म्हणजे आजच्या बेल्जियमकडील प्रदेशातील लष्करी रुग्णालयाची जबाबदारी त्यांच्यावर आली. २७ जून १७४३ रोजी जर्मनीत माइन नदीकाठी डेटिंगेन येथे फ्रेंचांशी लढाई झाली. राजा दुसरा जॉर्ज याने स्वतः नेतृत्व केलेली ही लढाई ब्रिटिशांनी जिंकली खरी, परंतु विजयी सैन्याने ती रात्र तंबूंवाचून, पावसात, ओल्या जमिनीवर काढली. पुढल्या काही दिवसांत आमांशाची साथ उसळली आणि काही आठवड्यांत सैन्याचा मोठा भाग तिच्या तावडीत सापडला.

प्रिंगल यांचे वेगळेपण या साथीच्या वेळी दिसून आले. किती माणसे आजारी पडली याबरोबरच कोण आजारी पडले नाहीत, याचीही त्यांनी नोंद ठेवली. हॉवर्ड यांच्या पलटणीतील तीन कंपन्या त्या रात्री पावसात सापडलेल्या नव्हत्या आणि मुख्य तळापासून काही अंतरावर उतरलेल्या होत्या. हवा तीच, अन्न तेच, पाणीही तेच असूनही या कंपन्यांत कित्येक आठवडे आमांश जवळजवळ दिसला नाही. सैन्याने कुजका पेंढा आणि भरलेले शौचाचे चर मागे टाकून दुसऱ्या जागी तळ हलविला, तेव्हाही साथ ओसरू लागल्याचे त्यांच्या ध्यानात आले. यावरून उघड्यावरची विष्ठा आणि रुग्णांनी वापरलेला पेंढा हेच आमांशाच्या फैलावाचे मुख्य साधन आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. रोगजंतूंची कल्पना तेव्हा वैद्यकात रुजलेली नव्हती. कुजणाऱ्या पदार्थांतून निघणारी दूषित वाफ शरीरात शिरते आणि शरीरातील द्रव नासवते, असे त्या काळच्या बहुतेक वैद्यांप्रमाणे प्रिंगल यांनाही वाटे. कारणाची कल्पना अपुरी असली तरी तिच्यावरून सुचलेला उपाय बरोबर होता, कारण घाण दूर केली की वास जातो आणि त्याबरोबर जंतूही जातात.

याच मोहिमेत आणखी एक महत्त्वाची गोष्ट घडली. त्या काळी शत्रू जवळ आला की जखमी आणि आजारी सैनिकांना रुग्णालयातून उचलून खडबडीत रस्त्यांवरून मागे हलवावे लागे, आणि या ओढाताणीत अनेकांचा जीव जाई. लॉर्ड स्टेअर यांनी फ्रेंच सेनापती ड्यूक द नोआय यांच्यापुढे असा प्रस्ताव ठेवला की, उभय पक्षांनी एकमेकांची रुग्णालये आश्रयस्थाने मानावीत आणि त्यांना हात लावू नये. नोआय यांनी तो मान्य केला. ब्रिटिशांचे रुग्णालय माइनकाठच्या फेकेनहाइम गावी होते. नदीच्या पलीकडील गावात फ्रेंच तुकडी पाठविण्याची वेळ आली, तेव्हा रुग्ण घाबरू नयेत म्हणून त्यांना अभय असल्याचा निरोप नोआय यांनी आधी धाडला. प्रिंगल यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत या कराराचे श्रेय स्टेअर यांना दिले आहे, तर मूळ कल्पना प्रिंगल यांचीच असावी, असा त्यांच्या चरित्रकाराचा तर्क आहे. रेड क्रॉसच्या चळवळीतून १८६४ मध्ये झालेल्या जिनिव्हा कराराने जे तत्त्व आंतरराष्ट्रीय कायद्यात आणले, ते या दोन सेनापतींनी १२१ वर्षे आधी परस्परांच्या शब्दावर पाळले होते.

१७४४ मध्ये ड्यूक ऑफ कंबरलंड यांनी प्रिंगल यांना या सैन्याचे मुख्य वैद्य नेमले. १७४६ मध्ये स्कॉटलंडमधील बंड मोडण्यासाठी कंबरलंड निघाले, तेव्हा प्रिंगल त्यांच्याबरोबर कलोडनच्या लढाईपर्यंत गेले. त्या लढाईनंतर केलेल्या क्रूर दडपशाहीमुळे कंबरलंड यांच्या नावाला ‘खाटीक’ ही उपाधी कायमची चिकटली आणि प्रिंगल यांच्यासारख्या स्कॉटिश माणसाने त्यांची चाकरी पुढेही चालू ठेवली, ही बाजू त्यांच्या चरित्रात दृष्टिआड करता येत नाही.

एक ज्वर, दोन नावे

फेकेनहाइमच्या रुग्णालयात आमांशाच्या रुग्णांमागोमाग एक भयंकर ज्वर शिरला. त्याला ‘रुग्णालयाचा ज्वर’ म्हणत, आणि इंग्लंडच्या कोंदट तुरुंगांत जो ज्वर कैद्यांना मारी त्याला ‘तुरुंगाचा ज्वर’ म्हणत. हे दोन्ही ज्वर एकच आहेत, हे प्रिंगल यांनी १७५० मध्ये डॉ. रिचर्ड मीड यांना उद्देशून लिहिलेल्या पुस्तिकेत दाखवून दिले. आज या रोगाला टायफस म्हणतात आणि तो अंगावरच्या उवांतून पसरतो. उवांचा संबंध त्यांना ठाऊक नव्हता, परंतु गर्दी, कोंदट हवा आणि मळके कपडे यांच्याशी असलेले नाते त्यांनी अचूक हेरले होते. गेंट शहरातील एक उदाहरण ते देतात. आजारी सैनिक ज्यांत झोपले होते असे जुने तंबू दुरुस्त करण्यासाठी तेथे २३ कारागीर लावले होते, त्यांपैकी १७ जण या ज्वराने दगावले. १७५० मध्येच लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात कैद्यांबरोबर आलेल्या ज्वराने शहराचे महापौर, न्यायाधीश आणि इतर अनेक जण मरण पावले, आणि जो रोग कैद्यांपुरता समजला जात होता त्याची धास्ती प्रतिष्ठितांनीही घेतली. न्यूगेट तुरुंगात हवा खेळती ठेवणारी यंत्रे बसविण्याच्या कामी शास्त्रज्ञ स्टीफन हेल्स यांच्याबरोबर प्रिंगल यांचाही सल्ला घेण्यात आला.

याच सुमारास त्यांनी कुजण्याच्या क्रियेवर प्रयोग केले. मांसाचे तुकडे निरनिराळ्या क्षारांच्या आणि वनस्पतींच्या द्रावणांत घालून, कुप्या मानवी शरीराइतक्या उष्णतेवर ठेवून, कोणता पदार्थ कुजणे किती काळ थोपवतो हे त्यांनी तपासले, आणि साध्या मिठाची शक्ती एक धरून कापूर, बोळ, सिंकोनाची साल इत्यादींची शक्ती तिच्या तुलनेत मांडली. कुजणे थांबविणाऱ्या अशा द्रव्यांना मराठीत पूतिरोधके म्हणतात. इंग्रजीतील ‘अँटिसेप्टिक’ हा शब्द वैद्यकात रूढ होण्यास प्रिंगल यांचे हे लेखच मुख्यतः कारणीभूत ठरले. रॉयल सोसायटी या ब्रिटनच्या अग्रगण्य विज्ञानसंस्थेने १७५२ मध्ये त्यांना या प्रयोगांसाठी कॉप्ली पदक दिले.

१७५२ मध्येच ‘सैन्यातील रोगांविषयी निरीक्षणे’ हा त्यांचा प्रमुख ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याची अनेक युरोपीय भाषांत भाषांतरे झाली. दलदलीजवळ तळ टाकू नये, शौचाचे चर खोल खणून त्यांवर रोज माती टाकावी, तंबूतील पेंढा वारंवार बदलावा, रुग्णांना एका मोठ्या इमारतीत कोंबण्यापेक्षा विखरून ठेवावे आणि खोल्यांत हवा खेळू द्यावी, असे त्याचे सांगणे आहे. हे सर्व नियम औषधाच्या बाटलीबाहेरचे आहेत आणि वैद्याच्या हातचेही नाहीत. ते अमलात आणण्याचा अधिकार सेनापतीचा होता. ग्रंथाचे महत्त्व यातच आहे, कारण सैनिकाचे आरोग्य हा औषधोपचारापेक्षा व्यवस्थेचा आणि म्हणून हुकुमाचा प्रश्न आहे, हे त्याने सेनापतींना समजेल अशा भाषेत सांगितले.

पॅल मॅलमधील रविवार

१७४९ मध्ये लंडनमध्ये स्थायिक झाल्यावर प्रिंगल यांचा व्यवसाय भरभराटीला आला. १७५२ मध्ये बाथ येथील प्रसिद्ध वैद्य विल्यम ऑलिव्हर यांच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला, परंतु तो सुखाचा ठरला नाही आणि त्यांना अपत्यही झाले नाही. या एकाकीपणाची जागा मित्रांनी घेतली. पॅल मॅल या रस्त्यावरील त्यांच्या घरी रविवारी संध्याकाळी विद्वानांची बैठक भरे. देशविदेशातून लंडनला येणारे शास्त्रज्ञ तेथे हजेरी लावीत. वैज्ञानिक नियतकालिके मोजकी असलेल्या त्या काळात नव्या प्रयोगाची बातमी, शिफारसपत्र आणि टीका या तिन्ही गोष्टी अशा दिवाणखान्यांतूनच फिरत असत.

या वर्तुळातील त्यांचे सर्वांत जवळचे मित्र म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. अमेरिकी वसाहतींचे प्रतिनिधी म्हणून लंडनमध्ये राहणारे फ्रँकलिन विजेवरील प्रयोगांमुळे आधीच ख्यातनाम होते. पक्षाघाताच्या रुग्णांना विजेचे झटके देऊन काय आढळले, हे त्यांनी डिसेंबर १७५७ मध्ये प्रिंगल यांनाच पत्राने कळविले आणि आपल्याला टिकाऊ गुण आल्याचे दिसले नाही, असे प्रामाणिकपणे नमूद केले. १७६६ मध्ये दोघांनी मिळून जर्मनीचा प्रवास केला आणि गॉटिंगेनच्या विज्ञानसंस्थेने दोघांनाही सदस्यत्व दिले. पुढच्या वर्षी ते पॅरिसला गेले, तेव्हा व्हर्सायच्या दरबारात पंधराव्या लुईसमोर त्यांना सादर करण्यात आले. १७७२ मध्ये उत्तर इंग्लंडमधील डरवेंटवॉटर तलावावर फ्रँकलिन यांनी पाण्यावर थोडेसे तेल ओतून लाटा शांत करण्याचा प्रयोग केला, त्या वेळीही प्रिंगल त्यांच्याबरोबर होते.

या बैठकीतली सगळीच मते लंडनच्या समाजाला रुचणारी नव्हती. राजकारणात प्रिंगल राजसत्तेवर मर्यादा हव्यात असे मानणाऱ्या व्हिग पक्षाचे होते, आणि धर्मात त्यांचा कल युनिटेरियन पंथाकडे, म्हणजे ईश्वराचे त्रिरूप न मानता त्याचे एकत्व मानणाऱ्या विचाराकडे झुकला होता. त्यांचे चरित्रकार अँड्र्यू किपिस हे याच विचाराचे धर्मोपदेशक होते. लेखक जेम्स बॉसवेल यांच्या वडिलांचे प्रिंगल हे जुने स्नेही असल्यामुळे तरुण बॉसवेल यांना त्यांच्याकडून वडीलकीचा उपदेश मिळत असे. परंतु बॉसवेल यांचे दैवत असलेले कोशकार सॅम्युएल जॉन्सन कट्टर राजनिष्ठ आणि सनातनी असल्यामुळे त्यांचे प्रिंगल यांच्याशी मुळीच जमले नाही. १७७३ मध्ये जॉन्सन बॉसवेल यांच्या वडिलांकडे पाहुणे म्हणून गेले, तेव्हा तीन विषय काढू नयेत, अशी विनंती बॉसवेल यांनी त्यांना केली. व्हिग राजकारण आणि प्रेस्बिटेरियन पंथ हे त्यांतले दोन होते, आणि तिसरा विषय होता सर जॉन प्रिंगल.

एकेकाळी प्रिंगल यांच्या जागेसाठी उमेदवार असलेले ह्यूम १७७६ मध्ये अखेरच्या आजारात लंडनला आले, तेव्हा त्यांनी प्रिंगल यांचाच सल्ला घेतला. प्रिंगल यांनी त्यांना बाथच्या उष्ण झऱ्यांकडे पाठविले, पण गुण आला नाही आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ह्यूम यांचे निधन झाले.

अध्यक्षपद आणि एक चूक

१७६६ मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब आणि १७७४ मध्ये राजा तिसरा जॉर्ज याचे वैद्यपद प्रिंगल यांना मिळाले. त्याआधीच, नोव्हेंबर १७७२ मध्ये, ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले होते. दरवर्षी कॉप्ली पदक देताना त्या विषयाचा इतिहास उलगडणारे दीर्घ भाषण ते करीत. निरनिराळ्या वायूंवर काम करणारे जोसेफ प्रीस्टली, डोंगराच्या वस्तुमानामुळे ओळंबा किती ढळतो हे मोजणारे नेव्हिल मॅस्केलिन आणि टॉर्पेडो माशाचा झटका हा विजेचाच असतो असे दाखविणारे जॉन वॉल्श हे या पदकाचे मानकरी होते. यांतील वॉल्श यांचा हिंदुस्थानशी थेट संबंध होता, कारण ते ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत रॉबर्ट क्लाइव्ह यांचे चिटणीस होते आणि तेथे मिळविलेल्या संपत्तीच्या बळावरच पुढे विज्ञानाकडे वळले होते.

१७७६ चे पदक कॅप्टन जेम्स कुक यांना मिळाले. स्कर्व्ही या रोगात हिरड्या सुजून रक्त येते, जुन्या जखमा पुन्हा उघडतात आणि अखेर मृत्यू ओढवतो. लांबच्या सफरीत तो खलाशांचा काळ ठरे. कुक यांनी तीन वर्षांची सफर केली आणि प्रिंगल यांनी भाषणात सांगितल्याप्रमाणे त्यांच्या जहाजावरील ११८ माणसांपैकी रोगाने एकच दगावला. हे यश कशाचे, हे सांगताना प्रिंगल यांनी मोड आलेल्या सातूच्या काढ्याला, म्हणजे माल्टच्या पाण्याला, पहिला मान दिला. त्यांच्या मते स्कर्व्ही हा शरीर आतून कुजण्याचा रोग होता आणि आंबणारा काढा पोटात वायू निर्माण करून हे कुजणे थोपवीत असे. डब्लिनचे डेव्हिड मॅकब्राइड यांनी हा उपाय सुचविला होता, तो प्रिंगल यांच्याच प्रयोगांच्या आधारे. प्रत्यक्षात माल्टच्या काढ्याचा स्कर्व्हीवर काहीही उपयोग नसतो. कुक यांची माणसे वाचली ती प्रत्येक बंदरात मिळविलेल्या ताज्या भाजीपाल्यामुळे. जेम्स लिंड यांनी संत्री आणि लिंबे यांचा गुण तुलनात्मक प्रयोगाने दाखवून १७५३ मध्येच ग्रंथात मांडला होता. परंतु जहाजांवर दिला जाई तो उकळून आटवलेला रस, आणि उष्णतेने त्यातील जीवनसत्त्व नष्ट होत असल्याने तो निष्प्रभ ठरे. राजवैद्य आणि रॉयल सोसायटीचा अध्यक्ष अशा दुहेरी अधिकाराने झालेल्या प्रिंगल यांच्या भाषणाने चुकीच्या उपायाचे वजन वाढविले. ब्रिटिश नौदलात लिंबाच्या रसाचा सरसकट वापर सुरू झाला तो १७९५ मध्ये. डेटिंगेनला जे प्रिंगल आजारी न पडलेल्या माणसांना मोजत होते, त्यांनीच येथे आपल्या सिद्धांताला निरीक्षणापेक्षा अधिक मानले.

त्यांच्या अध्यक्षपदाची अखेर एका चमत्कारिक वादात झाली. दारूगोळ्याच्या कोठारांवरील तडितरक्षक, म्हणजे वीज जमिनीत वाहून नेणारे धातूचे दांडे, टोकदार असावेत असे फ्रँकलिन यांचे मत होते, तर ते बोथट असावेत असे बेंजामिन विल्सन यांचे. १७७७ मध्ये, अमेरिकेशी युद्ध पेटलेले असताना, राजाने बोथट दांड्यांचा पक्ष घेतला. त्याने प्रिंगल यांना तसाच निर्णय द्यायला सांगितले आणि निसर्गाचे नियम बदलणे आपल्या हाती नाही, असे उत्तर प्रिंगल यांनी दिले, अशी आख्यायिका आहे. पद सोडण्यास ढासळती प्रकृती हे कारण तर होतेच. १७७८ मध्ये ते पायउतार झाले आणि जोसेफ बँक्स अध्यक्ष झाले.

आयुष्याच्या अखेरीस ते एडिंबरोला राहायला गेले, परंतु तेथील थंडी सोसेना आणि जुने मित्र लंडनमध्येच होते, म्हणून ते परतले. निघण्यापूर्वी आपल्या वैद्यकीय टिपणांचे हस्तलिखित खंड त्यांनी एडिंबरोच्या वैद्यक महाविद्यालयाला दिले, पण ते कधीही छापू नयेत, अशी अट घातली. १८ जानेवारी १७८२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले, आणि वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांचे स्मारक उभारण्यात आले.

जो ग्रंथ त्यांनी छापला होता, त्यातील एक निरीक्षण मात्र सैन्याने लक्षात ठेवायला हवे होते. नेदरलँड्सच्या झीलंड भागातील दलदलीत उतरलेल्या पलटणी १७४७ मध्ये ज्वराने कशा खचल्या आणि किनाऱ्यापासून दूर नांगरलेल्या जहाजांवरचे खलाशी कसे निरोगी राहिले, हे त्यांनी तपशीलवार लिहून ठेवले होते. त्या ज्वरात मोठा वाटा हिवतापाचा असावा, असे आज मानले जाते. हिवतापाचा प्रसार डासांमार्फत होतो, या शोधाचा निर्णायक दुवा रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबादला हाती लागला. पण दलदलीपासून दूर राहण्यासाठी डासाची ओळख पटण्याची गरज नव्हती. १८०९ मध्ये ब्रिटिश सरकारने सुमारे ४०,००० सैनिक त्याच झीलंडमधील वाल्खेरेन बेटाच्या मोहिमेवर पाठविले. त्या मोहिमेत लढाईत १०६ सैनिक पडले आणि रोगाने सुमारे ४,००० दगावले. प्रिंगल यांचा ग्रंथ तेव्हा ५७ वर्षांचा झाला होता.